खोकल्याच्या गोळ्या

गेल्या महिन्यातला एक रविवार. रात्रीचे साडेनऊ, पाऊस नुकताच उघडलेला, चिंचवडच्या आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पायरीवर चिखलाची पावलं. आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून मी गेलो होतो. माझ्या पुढे एक पोरगा उभा होता, पंचवीस-सव्वीसचा असेल. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यातलं आयकार्ड काढून वरच्या खिशात कोंबलेलं, त्याची पट्टी बाहेर लोंबत होती. नंबर त्याचा होता. पण तो बाजूला सरकला आणि म्हणाला, "तुम्ही घ्या काका, मला घाई नाही." माझ्यामागून एक आजी आल्या, त्यांनाही त्याने पुढे जाऊ दिलं. मग डायपर घ्यायला आलेलं एक जोडपं. मी गोळ्यांवरची तारीख वाचायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळलो. काउंटर मोकळं झालं आणि नेमका तेव्हाच दुकानदार आत गेला, त्याची बायको पुढे आली. "काय पाहिजे दादा?" पोरगा तिच्यामागच्या फळ्यांकडे बघत राहिला. गाडी दुकानापासून चांगली वीस पावलं लांब उभी होती, तरी त्याने हेल्मेट डोक्यात घातलं, आणि मग त्या हेल्मेटमधून म्हणाला, "खोकल्याच्या गोळ्या द्या. चघळायच्या."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती भाकरीच्या पिठाचे हात धूत होती. तिने नळ बंद केला.

"तो खोकत होता का?"

"नाही."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत."

मी काही बोललो नाही, हे खरं आहे. का बोललो नाही, हे सांगायला मला बरंच मागे जावं लागेल.

आमचं लग्न मे २०११ मधलं. माझं गाव विट्याकडचं, तिचं कराडजवळचं. लग्नानंतर सत्यनारायण, मग जेजुरी, आणि देवदर्शन झाल्याशिवाय नवरा-नवरीने जवळ यायचं नाही, हा घरचा रिवाज. जेजुरीला नवऱ्याने नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या असतात. ऊन मी म्हणत होतं, दगड तापलेले, घामात भंडारा कालवून डोळ्यांत उतरत होता. मागे मामेभाऊ, आत्येभाऊ मोठ्याने पायऱ्या मोजत होते. पाच झाल्यावर कुणीतरी ओरडलं, "अजून!" आणि मी अकरा पायऱ्या चढलो. पाठीवर मामांची थाप पडली. "गडी जोराचा आहे." तो शब्द तेव्हा छातीत भरून राहिला होता. दोन दिवसांनी गावच्या घरात माडीवरची खोली आमच्यासाठी रिकामी केली. खाली सोप्यात ओळीने बारा-चौदा पाहुणे झोपलेले. माडीला लाकडी तक्तपोशी होती, कूस बदलली तरी करकरायची. काकांचा खोकला वर ऐकू यायचा, म्हणजे आमचंही सगळं खाली ऐकू जात असणार, हे मला कळत होतं. अंगाला अजून हळदीचा वास होता. त्या रात्री काहीच झालं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या रात्री मी दिवा मालवल्या मालवल्या घामाने भिजलो होतो, आणि ती अंधारात काही न बोलता माझ्या हातावर हात ठेवून पडून होती. सकाळी परसात तोंड धुताना वहिनीने हसून काहीतरी विचारलं. मी बादलीत बघत राहिलो.

पुण्यात आल्यावर सगळं ठीक होईल असं वाटलं होतं. चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी लाइनवर होतो, आठवड्याला शिफ्ट बदलायची. फर्स्ट, सेकंड, थर्ड. थर्ड शिफ्टला जागं राहायला सगळेच तंबाखू मळायचे, मीही मळायचो. राहायला भोसरीत वन आरके. महिन्याभरात आई काही दिवसांसाठी आली आणि एका पडद्याच्या दोन बाजूंना आम्ही तिघं झोपायला लागलो. पण खरं सांगायचं तर पडद्याला दोष देऊन भागणार नव्हतं, कारण आई गावी परत गेली तरी माझं तेच चालू राहिलं. संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. मी ओव्हरटाइम मागून घ्यायला लागलो. ती जागी असेल तर बाहेर गच्चीवर थांबायचो, ती झोपली की घरात यायचो. चार महिने असे गेले. एकदा तिने भिंतीकडे तोंड करून विचारलं, "मी आवडत नाही का तुम्हाला?" आजवर मला कुणी विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न तो आहे. त्याचं उत्तर मला माहीत होतं आणि माझं शरीर उलटं उत्तर देत होतं.

या चार महिन्यांत कारण मात्र मी पक्कं ठरवून टाकलं होतं. तालुक्याच्या होस्टेलवर असताना मोठ्या पोरांनी आम्हाला सांगितलं होतं की चाळीस थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब होतो, आणि जो तो वाया घालवतो तो पुढे कामाचा राहत नाही. त्याला आधारही होता, निदान तसं वाटायचं. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि सगळ्यांच्या शेवटी शुक्र, ही सात धातूंची साखळी आमच्या आजोबांनाही पाठ होती. सगळ्याचं सार शेवटच्या टोकाला. मग मी तर सारच उधळलं, असा हिशेब मी रात्रीच्या शिफ्टला मशिनसमोर उभा राहून मांडत बसायचो. या भीतीला डॉक्टर मंडळींनी नाव दिलंय हे मला फार उशिरा कळलं. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली तिला 'धात सिंड्रोम' म्हटलं. आपल्या भागातले तरुण थकवा, अशक्तपणा, उदासी घेऊन येतात आणि सगळ्याचं खापर धातू, म्हणजे वीर्य, जाण्यावर फोडतात, हे त्यांनी टिपलं. हस्तमैथुनाने पुरुषत्व जात नाही. हे एवढं एक वाक्य मला पंधराव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं होतं.

शाळेत कुणी सांगितलं नाही, घरात तर प्रश्नच नाही. सांगत होत्या त्या भिंती. मुंबईच्या लोकलच्या डब्यात, रुळांकडेच्या कुंपणांवर, एसटी स्टँडच्या मुतारीत, 'गुप्तरोग', 'कमजोरी', 'निराश होऊ नका'. अशा जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ सालचा आहे, आणि माझं सगळं लैंगिक शिक्षण त्या बंदी असलेल्या जाहिरातींवर झालं. शेवटी मी गेलोही तिकडेच. हायवेच्या कडेला तंबू, पुढे काचेच्या बरण्यांत मुळ्या आणि काळे खडे. आतल्या माणसाने नाडी धरली आणि डोळे मिटून म्हणाला, "लहानपणी चुका झाल्यात." मी तिथेच रडलो. साडेसात हजार रुपयांच्या पुड्या आणल्या, दुधातून घ्यायच्या. त्या घेतल्यावर दोनदा फरक पडला, हेही लिहायला हवं. पण चेहरा तापायचा, नाक चोंदायचं, कपाळ ठणकायचं. पुड्या संपल्या आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, उलट आता भीती दुप्पट. मग ताठरतेच्या गोळीसाठी मेडिकलला चकरा सुरू झाल्या. घराजवळच्या नव्हे, दोन-तीन किलोमीटर लांबच्या. दरवेळी काउंटरवर कुणीतरी बाई असायची, नाहीतर मागे कुणी उभं असायचं, आणि दरवेळी माझ्या तोंडून एकच निघायचं.

धुवायला टाकलेल्या पँटींच्या खिशांतून तिने एकेक करून नऊ पट्ट्या गोळा केल्या होत्या. एका रविवारी तिने त्या ओट्यावर ओळीने मांडल्या.

"तुम्हाला खोकला कधी झाला होता?"

त्या दिवशी मी सगळं सांगितलं. तंबू, पुड्या, होस्टेल, सगळं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटत होतं माझ्यात काही आहे." चार महिने आम्ही दोघं एकाच खोलीत आपापला गुन्हा कबूल करून बसलो होतो, आणि गुन्हा कुणाचाच नव्हता. डॉक्टरांचा पत्ता तिनेच शोधून काढला.

पेठेतला जुना वाडा, लाकडी जिना, वर दवाखाना. डॉक्टर साठीच्या पुढचे, मूत्रविकारतज्ज्ञ. बाहेर बाकावर सगळे म्हातारे, प्रोस्टेटवाले, हातात फायली. त्यांच्यात मी एकटाच अठ्ठावीस वर्षांचा, मान खाली घालून. डॉक्टरांनी 'नपुंसक' हा शब्द एकदाही वापरला नाही. पुढे कधीतरी वाचलं की हिंदू विवाह कायद्यात, १९५५ सालच्या, लग्न रद्द करून घेण्याच्या कारणांत हा शब्द बसलेला आहे, कलम १२ मध्ये. तो कागदावर वाचतानाही माझ्या मानेवर काटा आला होता. डॉक्टरांनी आधी शिफ्ट विचारली, तंबाखू विचारली, बीपी मोजलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत का, जिममध्ये काही इंजेक्शनं घेतोस का, केसांसाठी काही खातोस का, हे सगळं विचारलं. मग अगदी हवापाण्याची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाले, "पहाटे जाग येते तेव्हा काय असतं?"

"तेव्हा असतं."

"रोज?"

"बहुतेक रोज."

"मग यंत्र शाबूत आहे तुझं."

झोपेत, विशेषतः स्वप्नं पडतात त्या टप्प्यांत, निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन-चार-पाच वेळा ताठरता येते, त्याला पत्ताही नसतो. पहाटेची ही त्यातलीच शेवटची. झोपेत भीती नसते, कुणी मोजत नसतं. त्यांनी टेबलावर हात ठेवला, मूठ घट्ट आवळली आणि म्हणाले, हे बघ, तिथले स्नायू दिवसभर असे आवळलेले असतात. मन निर्धास्त असलं, इच्छा झाली, की नसांच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि ते सैल पडतात. त्यांनी मूठ सोडली. मग रक्त आत येतं, स्पंजासारखं भरतं, आणि बाहेर नेणाऱ्या शिरा त्या फुगण्याने आपोआप दाबल्या जातात. घाबरलास की अॅड्रेनालिन. पुन्हा मूठ आवळली. "तू काय करत होतास? जोर. जितका जोर लावशील तितकी मूठ घट्ट." मला जेजुरीच्या अकरा पायऱ्या आठवल्या. अठ्ठावीस वर्षं ज्याला मी जोराचं काम समजत होतो, ते सैल होण्याचं काम निघालं. आणि चौदा पाहुण्यांच्या डोक्यावर, करकरत्या तक्तपोशीवर, कोण सैल होणार?

पुड्यांचं ऐकून ते गंभीर झाले. चेहरा तापणं, नाक चोंदणं, डोकं दुखणं ही सिल्डेनाफिलची, म्हणजे ताठरतेच्या गोळीतल्या औषधाची, लक्षणं, आणि जडीबुटीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालात ते गुपचूप मिसळलेलं सापडतं. ते औषध मुळात छातीतल्या कळेसाठी तपासत होते, तिथे फारसं जमलं नाही, आणि १९९८ मध्ये ते या कामासाठी बाजारात आलं. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाचं नोबेलही दिलं गेलं. डॉक्टरांनी लिहून दिलं, हृदय तपासलेलं असलं, तर उपयोगाचं औषध आहे. पण हृदयरोग्याला देतात त्या नायट्रेटच्या गोळीबरोबर ते पोटात गेलं तर बीपी धाडकन खाली येतं, जीव जाऊ शकतो. आमच्या वडिलांच्या उशाशी सॉर्बिट्रेटची, म्हणजे त्याच नायट्रेटची, बाटली असायची. तंबूतल्या त्या माणसाने माझ्या आधी एका म्हाताऱ्याला त्याच डब्यातल्या पुड्या बांधून दिल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढच्या वेळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाले, खोलीत तुम्ही दोघं नसता, तिघं असता. तिसरा हाच, कोपऱ्यात उभा राहून स्वतःची परीक्षा घेतो. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकेतल्या जोडीने १९७० साली हेच लिहून ठेवलंय, आणि त्यावरचा उपायही त्यांचाच. तीन आठवडे संबंध ठेवायला डॉक्टरांनी आम्हाला बंदी घातली. स्पर्श करा, गप्पा मारा, पण त्याच्या पुढे नाही. बायको जिन्यावरून उतरताना तोंडाला पदर लावून हसत होती, किती दिवसांनी. तंबाखू सोडायला लावली, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. सुपरवायझरशी बोलून मी दोन महिने थर्ड शिफ्ट टाळली. त्या तीन आठवड्यांत आम्ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बोललो. तिच्या शाळेतल्या खोखोबद्दल, मला भीती वाटायची त्या विहिरीबद्दल. तेव्हा कुठे आमची ओळख झाली. डॉक्टरांची बंदी आम्ही अठराव्या दिवशी मोडली.

इथे गोष्ट संपली असती तर मी त्या रविवारी पोराच्या खांद्यावर हात ठेवला असता.

पण तीन वर्षांनी आमच्याच लाइनवरचा एक मित्र, एकतिसाव्या वर्षी, कँटीनमागे चहा पिताना मला म्हणाला की त्याचंही असंच झालंय. मला आनंद झाला होता, हे आता लिहितानाही टोचतं. आपल्याकडे उत्तर आहे याचा आनंद. मी त्याला मुठीची गोष्ट सांगितली, कोपऱ्यातला तिसरा माणूस सांगितला, आणि वर म्हटलं, "टेन्शन आहे रे तुझं, डोक्यातलं आहे सगळं." पहाटेचा प्रश्न मी विचारला नाही. तो शिफ्टला दोन-दोन लिटरच्या बाटल्या रिकाम्या करायचा, मध्येच लाइन सोडून लघवीला पळायचा, वर्षात पँटी सैल झाल्या होत्या, आणि आम्ही म्हणायचो, गडी फिट झाला. त्याने दोन वर्षं माझ्या शब्दावर काढली. पायाचा एक फोड भरेना म्हणून डॉक्टरकडे गेला, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर अकरा टक्के निघाली, म्हणजे जबर मधुमेह. साखर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही कुरतडते. तिथल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या, म्हणून वाहिन्यांचं दुखणं असेल तर पुष्कळदा आधी तिथे कळतं, हृदय काही वर्षांनी बोलतं. त्याचं शरीर दोन वर्षं निरोप देत होतं आणि तो निरोप मी परतवून लावला. इन्सुलिन, चालणं, गोळ्या, यांनी तो आता बरा आहे. जे गेलं ते सगळं परत आलं नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही. आम्ही अजून एकत्र डबा खातो.

इटलीत २०१३ साली डॉक्टरांनी आपल्याकडे या तक्रारीसाठी पहिल्यांदा आलेल्यांची नोंद छापली, तर चौघांतला एक चाळिशीच्या आतला होता. तरुण आहे म्हणजे मनाचंच असणार, हे वाक्य मी आता कुणाच्या तोंडून ऐकवून घेत नाही. मनाचं असतं, पुष्कळदा असतं. पण थायरॉइडचं असतं, प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढल्याचं असतं. नैराश्याचं असतं आणि त्यावरच्या औषधांचंही असतं, आणि म्हणून ती औषधं परस्पर बंद करायची नसतात, लिहून देणाऱ्याला सांगायचं असतं. आमच्या पुतण्याच्या जिममध्ये पोरं टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी संप्रेरकाची, इंजेक्शनं घेतात. बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि दंड फुगलेल्या पोरांची इंजेक्शनं सुटली की महिनोन्महिने ते पुन्हा सुरू होत नाही. बहुतेकांच्या बाबतीत एकच कारण नसतंच. थोडी साखर, थोडी तंबाखू, थोडी जागरणं, मोबाइलवर बघितलेल्याशी केलेली तुलना, आणि या सगळ्यावर पहिल्या फसलेल्या रात्रीची भीती बसते.

मागे वाचनालयात रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'बद्दल वाचत होतो. १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी हे मासिक जवळजवळ एकट्याने चालवलं. वाचक खासगी प्रश्न पाठवायचे आणि कर्वे सरळ उत्तरं छापायचे. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला, त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, आणि तरी खटला हरले. प्रश्नांत हस्तमैथुनाबद्दलचा प्रश्नही होता. म्हणजे माझ्या जन्माच्या पन्नास वर्षं आधी त्याचं उत्तर मराठी माणसाने देऊन ठेवलं होतं, त्यासाठी कोर्टाची पायरी चढून. ते विट्याच्या होस्टेलपर्यंत पोचलं नाही. तंबू पोचला.

तर मी त्या रविवारी गप्प राहिलो, कारण एकदा न बोलल्याने माझं काय झालं हे मला माहीत होतं, आणि एकदा बोलल्याने मित्राचं काय झालं तेही. पोराने पाकिटातून दहाची नोट काढली, गोळ्या खिशात टाकल्या, वीस पावलं चालला आणि पावसाच्या डबक्यांतून गाडी काढून निघून गेला. बायकोला हे सगळं मी त्या रात्री जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "त्याला उपदेश कुणी करायला सांगितला होता? पत्ता तरी द्यायचा."

दुसऱ्या दिवशी मी कपाटातली जुनी फाइल काढून दवाखान्याला फोन लावला. डॉक्टर आता बसत नाहीत, त्यांची मुलगी बघते, संध्याकाळी सहा ते नऊ. मी ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि पाकिटात ठेवलं. त्याखाली दोनच ओळी लिहिल्या. सगळं खरं सांग. रक्त तपासून घे.

आईच्या गोळ्या मी पूर्वी महिन्याच्या एकदम आणायचो. हल्ली एका वेळी सातच आणतो, दर रविवारी, साडेनऊच्या सुमाराला.